एकशे सत्तर श्वास

ताश्कंदहून आले तेव्हा माझ्या पेटीत
एक नियंत्रक होता, एक पितळी तराफा
आणि पाण्याला शिस्त लावायचा सरकारी हुकूम.
वाबकेंतच्या पुढे झरफशानचा एक फाटा
कापसाच्या रानात शिरतो.
तिथलं लोखंडी दार यापुढे
माणसाशिवाय हलणार होतं.

तो माणूस दाराशीच बसला होता.
तुर्दिकुल-ओता. गावाचा मिराब.
चाळीस वर्षं त्याने पाणी वाटलं होतं
आणि स्वतःच्या जर्दाळूला नेहमी शेवटी दिलं होतं.
त्याने तराफा तळहातावर जोखला.
"हलका आहे. बरं झालं.
जड वस्तूला पाणी कळत नाही."

पहिल्याच दिवशी दार वेडं झालं.
खाली पाणी कमी, म्हणून उघडलं,
उघडलं ते उघडतच गेलं,
लोंढा पोचला तसं दचकून मिटलं
आणि रान तडकेपर्यंत मिटून बसलं.
वर, खाली. वर, खाली.
मोटर करपल्याचा वास.
मी आकडे बदलले, दाराचा वेग वाढवला.
वेडही वाढलं.

"पोरी," ओता म्हणाला,
"मघाच्या पाण्यासाठी तू त्याला आत्ता रागावतेस."

मी विचारलं, इथून खालच्या खुणेपर्यंत
पाण्याला किती वेळ लागतो?
"एकशे सत्तर श्वास."

मला हसू आलं.
दाराशी एक शाळकरी पोर उभं केलं, हातात लाल फडकं,
आणि मी खाली, खुणेवर डोळे रोवून.
अकरा मिनिटं वीस सेकंद.
म्हणजे मिनिटाला पंधरा.
रात्री पुन्हा भागून पाहिलं. तरी पंधराच.

श्वास कोण मोजत बसतं?
हे त्याने मला सहा दिवसांनी सांगितलं,
चहा निवल्यावर, दार लोटून घेऊन,
कारण त्या वर्षांत भिंतींनाही पगार मिळायचा.
"आमच्या वाटेवर ओठ हलत नाहीत.
श्वासावर नजर ठेवायची. मन निसटतं.
निसटलं की माघारी यायचं.
त्या माघारी येण्याला आम्ही बाज़गश्त म्हणतो."

माझ्या रशियन पुस्तकात
त्यालाच उलटा दुवा म्हटलं होतं,
खाली आकृती होती, बाण होता,
स्वतःच्याच शेपटीकडे वळलेला.

"चाळीस वर्षांनीही निसटतं?"
"दर श्वासाला.
पूर्वी ते मला रात्री अंथरुणावर कळायचं.
मग संध्याकाळी. मग दुपारी.
आता निसटतानाच कळतं.
एवढीच कमाई."

मी नियंत्रकाला थांबायला शिकवलं.
चार बोटं हल. अकरा मिनिटं गप्प राहा.
मग बघ.
दार शहाणं झालं.
कागदावर फक्त एक केसाएवढी थरथर उरली,
तीही काढून टाकावी म्हणून मी पेचकस घेतला
तर त्याने माझं मनगट धरलं.
"तेवढी असू दे.
ती गेली तर दाराला पाण्याची आठवण कशी राहील?"

अहवालात एक रकाना होता:
विलंब कसा मोजला.
मी लिहिलं, स्टॉपवॉचने.
त्याखालच्या रकान्यात,
मिराबचं पद आता अनावश्यक.
सही केली. शाई फुंकून वाळवली.

ऐकलं की तो पुढेही तिथेच येऊन बसे,
बिनपगारी, दाराकडे पाठ करून.

याला सव्वीस वर्षं झाली.
काल लेकीशी बोलता बोलता
मध्येच माझा आवाज चढला,
आणि तो चढतो आहे हे
मला चढतानाच ऐकू आलं.
मी गप्प झाले. ती चमकून बघत राहिली.

त्या सहीचं पाणी
आत्ता कुठे खालच्या खुणेला लागतंय.
मध्ये किती श्वास गेले,
मोजायला मी तिथे नव्हते.