धूर नाही

पायवाटेला सव्वीस वळणं. मी अकरापर्यंत मोजली,
पुढची गुडघ्याने मोजली.
दोन्ही बाजूंना लॉजपोल पाइन, सगळे एका उंचीचे,
प्रार्थनेला उभी केलेली मुलं असावीत तसे.
म्हणजे इथलं सगळं कधीतरी एकाच दुपारी जळालंय,
हे मला वर गेल्यावर कळलं.

मनोरा एकदम समोर येतो.
चार पाय, बावन्न पायऱ्या, माथ्यावर चौदा बाय चौदाची खोली,
चारी बाजूंनी काच.

थेरॉन क्विगली आत होता, हातात पुट्टीचा डबा.
उत्तर आयडाहोत एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
"मग बायको म्हणाली, घराबाहेरचं काहीतरी दुरुस्त कर."
त्याने आणि आणखी सहाजणांनी
सात उन्हाळे इथे घातले.
सीडरच्या फळ्या खेचरांवरून आणल्या,
काचा ब्लँकेटांत गुंडाळून.
एक काच मात्र जुनीच ठेवली,
कोपऱ्यातली, लाटालाटांची.
तिच्यातून पाहिलं की समोरची डोंगररांग
झोपेत कूस बदलते.

शेगडी, खाट, आणि ते स्टूल,
चारी पायांना काचेच्या वाट्या बसवलेलं.
विजा सुरू झाल्या की आल्मेडा रस्क त्यावर चढायची,
पाय पोटाशी घेऊन,
फोनला हात न लावता,
कुठे कुठे पडल्या ते मोजत.
थेरॉन म्हणाला, बसून बघा.
आकाश निरभ्र होतं, तरी मी बसलो नाही.

सोळा उन्हाळे.
डोळ्यांत तेल घालून, असं आपण नुसतं म्हणतो.
तिला सरकारने काळा चष्मा दिला होता,
तो पहिल्याच आठवड्यात झऱ्यावर हरवला.
वहीत तीही नोंद आहे.
बाकीच्या अशा:
धूर नाही.
धूर नाही. वारा नैर्ऋत्येचा.
धूर नाही. अस्वल आलं, सातव्या पायरीवरून परत गेलं.
धूर नाही.

मधोमध दिशा सांगणारं यंत्र.
पितळी कडं, त्यावर अंश कोरलेले,
नेमात घोड्याचा एक केस ताणलेला.
कुणाच्या तरी गोठ्यात सापडलं, वर कोंबडी अंड्यांवर बसलेली.
पुसलं, तेल दिलं,
पण नेम एकशे बारा अंशांवर अडकलेला,
तो तसाच राहू दिला.

मी वाकून केसाआडून पाहिलं.
खाली दरीत एक कुरण, आणि गवतात
घराचं जोतं असावं असा चौकोन.

"तिची बहीण राहायची तिथे. लेनोरा. एकटीच.
रोज सकाळी सहाला चूल पेटवायची,
आल्मेडा इथून बघायची.
तो धूर तिने कधीच कळवला नाही.
त्याला ती धूर म्हणतच नसे."

मग?

थेरॉन अंगठ्याने पुट्टी दाबत राहिला.
"शेवटची नोंद ऑगस्टातली, सकाळी सहा दहाची.
धूर नाही.
त्याखाली कोरं. लोक वर आले तेव्हा
शेगडीवर कॉफी आटलेली, दार उघडं.
चार मैल धावत उतरली म्हणतात."

पोचली का, हे मला विचारवलं नाही.
बऱ्याच वेळाने तोच म्हणाला,
"नाहीतर नेम ट्रकमधून आणतानाच अडकला असेल.
माझ्या बायकोचं तसंच म्हणणं आहे."

अभिप्रायाच्या वहीत लोक लिहून गेलेत:
सुंदर. दम लागला. पाणी जास्त आणा.
मी तारीख घातली, आणि पेन हातात धरून बसलो.
पश्चिमेला एक गढूळ पट्टा होता.
दुसऱ्या राज्यातली आग, थेरॉन म्हणाला,
उपग्रहाला माहीत आहे ती.

उतरताना एका वळणावर
फोनला रेंजची एक काडी आली.
थोरल्या भावाला लावला. मार्चपासून लावला नव्हता.
वाजत होता, वाजत होता.
पाइनांच्या रांगेत मी उभा,
आणि त्याचं घर कुठल्या दिशेला
तेही मला सांगता आलं नसतं.