तांबडा पट्टा

जागृत, निद्रिस्त, मृत.
फळ्यावर तीन रकाने, खडू बोटाएवढा उरलेला.
रात्रशाळा, अक्कलकोट रोड, मे महिना.
साडेआठ झाले तरी भिंती दुपारच्याच आहेत.

लाव्हा पातळ असेल तर लांब वाहतो, मी सांगतोय,
डोंगर होतो पसरट, पालथ्या ढालीसारखा.
घट्ट असेल तर आत वायू कोंडतात
आणि एक दिवस शिखरच उडतं.

'खळीसारखं की, सर,' मल्लेशम म्हणाला, ओरडूनच.
बावीस वर्षं यंत्रमागावर,
हळू बोलायचं असतं हे तो विसरलाय.
पातळ खळ सुतावर आपसूक चढते,
घट्ट झाली की बुडबुडा धरते, फुटते, भाजते.
त्यानं मनगट वर केलं.
पुस्तकात इतकी स्पष्ट आकृती नाही.

मागून नरसम्मा गड्डम:
'आपला कुठला? इथं तर डोंगरच नाही.'

भेगीय, मी म्हणालो.
जमीन शिवणीत उसवते आणि वाहत राहते,
शिखर नाही, शंकू नाही, दाखवायला काही नाही.
साडेसहा कोटी वर्षांमागे थरावर थर,
त्यातल्याच एकावर तुमचा बाक आहे.
चादरींचा गठ्ठा! कुणीतरी म्हणालं.
सोलापुरात हे कुणीतरी म्हणणारच होतं.

ती हसली नाही.
कुंभारीला मामाची विहीर होती, म्हणाली,
काळा दगड, मग वीतभर तांबडं, परत काळा.
पोहून दमलो की त्या तांबड्यात बोटं रोवायचो.
काळ्याला धरायला जागाच नसायची.

ती माती, मी म्हणालो.
लाव्हा थांबला. हजारो वर्षं आला नाही.
दगड कुजला, ओल धरली, कदाचित काही उगवलंही.
मग पुढचा थर आला
आणि मातीची वीट झाली.

'मग तेवढा वेळ तो कुठल्या रकान्यात?'

पंख्याचा आवाज.
मल्लेशमही गप्प.
खडू मी या हातातून त्या हातात घेतला.

परीक्षेत 'मृत' लिहा, म्हणालो. एक गुण आहे.

लिहिते, म्हणाली.
घरी जाऊन तिला विडीची पानं भिजवायची होती,
तरी सावकाश लिहिलं तिनं,
आणि त्या शब्दाखाली
दोन ओळी कोऱ्या सोडल्या.