वाकडी करंगळी

मोंतेविदेओ, आग्वादा वस्ती, तळघरातला छापखाना.
अकरा लायनोटाइप, वितळलेलं शिसं, रात्रपाळी.
भिंतींना कान असतात म्हणतात;
तिथल्या भिंतींचेही गेले होते.
चांगले धडधाकट कानांचे लोक पाच-सात वर्षांत
‘काय? काय?’ करू लागायचे
आणि एवारिस्तो ओलिवेराकडे बघून कसनुसे हसायचे.
तो जन्मापासूनच त्यांच्या पुढे होता.

मी पंधरा वर्षांचा, शाई पुसणारा पोऱ्या.
यंत्र बिघडलं की त्याला सगळ्यांआधी कळे.
चौथ्याचा पट्टा सैल झालाय, हे तो
सातव्याला टेकलेल्या कमरेनं ओळखायचा.
डाव्या हाताची दोन बोटं यंत्रानं कधीच नेलेली,
तरी देशभरच्या स्पर्धेत पहिला आला:
तासाला चारशे बारा ओळी, चुका दोन.
(त्यातली एक मूळ प्रतीतच होती,
असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.)

पदक द्यायला मंत्री आले.
चाळीस मिनिटं बोलले, तोंड माइकच्या मागे.
दुभाषा कुणाला सुचलाच नव्हता.
‘मात’, ‘जिद्द’, ‘असूनसुद्धा’,
मी ऐकलं, पण त्याला सांगितलं नाही.
तो बघत होता मंत्र्यांच्या जाकिटाची बटणं.
सहा. एक निराळ्या दोऱ्यानं टाकलेलं.
नंतर मला म्हणाला, हातांनी:
हा माणूस आपली बटणं आपणच शिवतो.
भला असावा.

पण मला सांगायचंय ते पदकाचं नाही.

पाळी संपली की पहाटे चार ते सहा
जुन्या प्रुफांच्या पाठीवर तो हात काढायचा.
पाव. दार. भाडं. उद्या. लाज.
त्याच्या शाळेत मुलांचे हात बाकाला बांधत,
सुतळीनं,
आणि म्हणत, आता बोला.
त्याला एक पुस्तक हवं होतं दप्तरात मावणारं,
हातांनीच भरलेलं.
आठ बोटांत सगळे शब्द बसेनात,
म्हणून त्यानं माझी दहा मागून घेतली.

अडीच वर्षं मी समोर बसलो.
हात दाखवून अवलक्षण, आई म्हणायची.
मातेचा पेला गार होऊन जाई,
खांदे भरून येत,
‘पुरे’ या शब्दाचं चित्र त्यानं
सगळ्यात शेवटी काढलं. सहाशे चाळिसावं.
माझी उजवी करंगळी लहानपणी दारात सापडून
वाकडी जुळलेली.
तो प्रुफं वाचणारा माणूस.
दिसलं ते काढलं.

तीनशे प्रती, उरल्यासुरल्या कागदावर.
मालकानं कानाडोळा केला,
हाही एक उपकारच.

मग मी ते शहर सोडलं, एवारिस्तो गेला,
पदक कुणा भाचीकडे असेल.

परवा साल्तोच्या बाजारात पावाच्या गाडीवर
दोन मुली भांडत होत्या, हातांनी, झकास.
मी थबकलो.
दोघींचीही करंगळी वाकडी.
प्रत्येक पावाला, प्रत्येक उद्याला, वाकडी.
एवढी सरळ, कोवळी बोटं,
आणि मुद्दाम, काळजीपूर्वक, वाकवलेली.

उजव्या हातात कांद्यांची पिशवी होती,
म्हणून मी डाव्यानं मागितलं: पाव.
धाकटी हसली. पुढे झाली.
माझी डावी करंगळी धरून हलकेच वाकवली,
मोठ्या माणसाला शिकवताना
मुलं जितकी गंभीर होतात तितक्या गंभीरपणे.
अशी.
सरळ ठेवलीत तर
शिळा पाव.

मी दोन्ही घेतले.

एवारिस्तोला हे कळवायला हवं होतं.
त्यानं आठ बोटं झटकली असती:
चूक माझी नाही,
मूळ प्रतीतच होती.