थंड पाण्यात धुवा

थंड पाण्यात धुवा. पिळू नका.
इस्त्री उलट बाजूने.
कोपऱ्यात शिवलेल्या चिठ्ठीवर एवढंच,
आणि वजन : चारशे दहा ग्रॅम.
चारशे दहा ग्रॅममध्ये अख्खी खाण बसवलीय कुणीतरी,
ग्रॅनाइटची, आमच्याच बेटावरची,
बंद पडून पन्नास वर्षं झालेली.

पुतणीने मागवलं. गोटेनबर्गहून टपालाने आलं.
घड्यांच्या रेषा खडकावर आडव्या उमटल्यात,
फोडायची जागा पुन्हा कुणी आखून ठेवल्यासारख्या.

वृद्धाश्रमात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही.
म्हणून चिकटणारे हूक, चार.
त्यातला एक पहिल्याच रात्री सुटला.

आईला एक्क्याण्णववं लागलंय. नजर कडेकडेची उरलीय,
मधोमध धुकं. म्हणून मान तिरपी करून बघते,
कोंबडी बघते तशी, एका डोळ्याने,
आणि मग हाताने.
"मऊ आहे," म्हणाली. तक्रार केल्यासारखं.

फोटो सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.
पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला करडा-गुलाबी खडक,
तळाशी साचलेलं पाणी, बाटलीच्या काचेसारखं हिरवं,
कपारीत एक बर्च, नुकताच पिवळा पडू लागलेला.
कडांवर पाचरींची अर्धी भोकं, ओळीने.
आई त्यांवरून बोट फिरवते.
बोटाला काहीच अडत नाही.
दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात;
ही शाईची. थंड पाणी वापरलं तर टिकेल.

सात वर्षांची असताना ती शाळा सुटल्यावर
बोथट छिन्न्या लोहाराकडे न्यायची,
धार लावून परत.
लोहार सिक्स्टेन, एक कान नसलेला,
बोलायचा नाही, पण भट्टीपाशी हात शेकू द्यायचा.
तिचे वडील, एव्हर्ट, फरसाचे दगड घडवायचे,
तळहाताएवढे चौकोन, मजुरी शेकड्यावर.
कुठल्या जहाजातून कुठल्या शहराला गेले
ते सगळं त्यांना पाठ.
त्यातलं एकही शहर पाहिलं नाही.

हीटर लावला की गरम हवा वर चढते,
कापड फुगतं, बसतं,
फुगतं.
खाण श्वास घेते.
"बाबांचा असा नव्हता," आई म्हणते.
"ओल्या लाकडात करवत अडकते ना, तसा.
मी अंथरुणात पडून मोजायचे.
झोप लागली की आकडा चुकायचा,
मग सकाळी आधी त्यांच्या खोलीत डोकवायचे."
डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीशी धरला होता.
त्यातही म्हणे खडकच दिसला,
करडा, ठिपक्याठिपक्यांचा.
तो फोटो कुणी भिंतीवर लावला नाही.

"ढीग कुठाय?" तिने अचानक विचारलं.
कसला ढीग?
"टाकाऊचा. दहा फोडले तर चार पास.
एखादी शीर आडवी गेली, माप सुपारीएवढं चुकलं,
की फेक. त्याचे पैसे नाहीत.
समुद्रापर्यंत घरंगळत गेला होता तो ढीग.
पायथ्याशी आमचं घर,
वादळात रात्रभर खडखडायचा."

मी चारही कोपरे शोधले. पाणी, बर्च, आकाश,
एक गंजकं कडं, जे मला आधी दिसलं नव्हतं.
ढीग नाही.
कापून टाकला असेल, म्हटलं. चांगला दिसत नसेल.

आई हसली. बऱ्याच दिवसांनी, आणि मला.
"कापायला आधी दिसायला हवा.
खाण अशी अख्खी दिसते ती एकाच जागेवरून.
फोटोवाला उभा कुठे होता, सांग की."

जेवणाची घंटा झाली. हेरिंग, बटाटे.
तिने पलंगावरून पाय खाली सोडले,
सपाता चाचपल्या,
आणि गुळगुळीत लिनोलियमवर
एक पाऊल टेकवलं, भार न देता,
हलत नाही ना बघितलं,
मग दुसरं.