दहा-दहाचा काटा

मंगळवारी बाजार उठला की निखाडे भाऊ येतात.
दुकानात कोणी असलं तर
खर्रा घोटून होईपर्यंत बाहेर पानठेल्याशी थांबतात,
मग आत येतात
आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या फ्रिजकडे बघतात.

त्यांची सुई तिथे असते, इन्सुलिनच्या डब्यांमागे.
वजनाची. आठवड्याला एक. नागपूरच्या डॉक्टरने दिलेली.
घरी लाइन राहत नाही, हे कारण.
घरी सून आहे, हे खरं कारण.

जिनिंगच्या गेटवर त्यांचा धरमकाटा.
बत्तीस वर्षं कापसाच्या गाड्या मोजल्या,
आधी भरलेल्या, मग रिकाम्या,
आणि वजाबाकी चिठ्ठीवर लिहून दिली.
रात्री गेट लागल्यावर ते स्वतःच काट्यावर उभे राहतात.
तो सरकतो दहा-दहानेच.
अक्षय तृतीयेला एकशे दहा. पोळ्याला शंभर.
मधले किलो कोणत्या दिवशी गेले
ते काट्याला कळलंच नाही.

"बाई," ते त्या मंगळवारी म्हणाले,
आणि काउंटरच्या काचेवरचा डाग पुसत राहिले.
"थे दुसरी गोळी रायते ना. रातची."
मी नाव घेतलं, हळूच.
त्यांनी ऐकलं नाही असं केलं.

विचारायचं असतं ते विचारलं.
बीपीची गोळी? "हाये. सकाळची एक."
छातीत दुखतं? जिभेखाली ठेवायची कोणी दिली?
"नाई नाई."
ही आधी घेतली का कधी?
ते पानठेल्याकडे बघू लागले.

घेतली होती.
बसस्टँडवरच्या एका बॅगवाल्याकडून, कापलेली पट्टी, नाव नसलेली.
जेवून साडेनवाला एक.
साडेदहा झाले. काहीच नाही.
मग दुसरी.
मग वाट बघता बघता झोप.
आणि मध्यरात्र उलटल्यावर कान तापलेले, डोकं ठणकतंय,
उठायला गेले तर खोली फिरली,
रांजणाला धरून खाली बसले.
वेणूबाईंनी मीठ-लिंबाचं पाणी दिलं.
काही विचारलं नाही. दिवाही लावला नाही.

भाऊ, मी म्हणाले, ही सुई पोटाला सावकाश करते.
जेवण तिथेच मुक्काम करतं, त्याच्यासोबत गोळीही अडकू शकते.
आली नाही असं वाटतं. ती उशिरा येते.
तुम्ही एका गाडीवर दुसरी चढवली.
वरून खाणं कमी, पाणी कमी, बीपीची गोळी वेगळीच.

"मंग कोनती सोडू?"
मनानं कोणतीच नाही. डॉक्टरला दोन्ही सांगा,
तोवर रातची नको.
"कसं सांगू? थो डॉक्टर माह्या पोराच्या वयाचा हाये."
मी एकतीसची. ते त्यांनी मोजलं नसावं.

शेवटी एका कागदावर सगळं लिहिलं,
सुई, गोळी, बीपी, ती रात्र,
आणि म्हटलं, बोलू नका काही,
नुसतं टेबलावर ठेवा.
त्यांनी काट्याच्या पावतीसारखी तिची चौघडी केली
आणि खिशात घातली.

शनिवारी वेणूबाई आल्या. ओआरएसच्या पुड्या हव्या होत्या.
मी काढत होते तर पाठीमागून बोलल्या,
माझ्याशी की फ्रिजशी कोण जाणे:

"पयले तिसरी भाकर मांगे.
थे देता देता दोन गोष्टी होत आमच्या.
आता अर्धीवर हात धुते.
एक औषध भूक माराले, एक भूक आनाले.
थ्या दोघायच्या भांडनात
मले कोनी पुसलं का, बाई तुले काय पायजे म्हनून?"

पुड्या हातातच राहिल्या माझ्या.
त्यांनी पदराच्या गाठीतून काहीतरी काढून काचेवर ठेवलं.
खिशासकट धुतला गेलेला कागद,
निळा, ढगाळ, घडीवर फाटलेला.
"अक्षर तुमचंच हाये ना. काय लिवलं व्हतं?"

वाचता येत नाही, मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.
पण मला पाठ होतं.

त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
बाहेर कोणीतरी खर्रा घोटत होतं.
"सांगू नका मले," त्या म्हणाल्या.
"मंग परत लिवून द्या.
सोमवारी मी जातो संगं नागपूरले. टेबलावर मीच ठेवतो."

मी लिहिलं, या वेळी बॉलपेनने, दाबून.
त्यांनी पुड्यांचे पैसे सुटे मोजून दिले,
आणि कागद पिशवीत नाही,
चष्म्याच्या घरात ठेवला.