पोळ्यांचा डबा

चपला काढायच्या आधी फोन काढायचा,
हा शरयूआत्याच्या घरचा नियम.
दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
ती पोळ्यांचा डबा पुढे करते. पोळ्या, फडकं, फोन,
वर झाकण, झाकणावर खलबत्ता.
"आता बोल," म्हणते. "पण हळू."

हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही.
मोठ्यानं बोललेलं त्यांना ऐकू जातं.
ते म्हणजे कोण, हे विचारणं मी सोडलंय.

हसमुखभाई दर गुरुवारी झेरॉक्स आणून देतात.
टॉवरबद्दल, लसींबद्दल, विजेच्या नव्या मीटरबद्दल.
विश्वामित्रीतल्या मगरींना म्हणे चिपा बसवल्यात
आणि पुरात त्यांना मुद्दाम सोसायट्यांत सोडतात,
घरात माणसं किती ते मोजायला.
इथे मी हसले.
हसायला नको होतं.

नचिकेतनं एका पाडव्याला ती पानं तिच्यादेखत फाडली,
एकेक मुद्दा खोडून काढला. सगळं बरोबर होतं त्याचं.
तिनं तुकडे गोळा केले, कणकेच्या खळीनं चिकटवले.
आता तो जिन्यातूनच विचारतो, बरी आहेस ना,
आणि ती ऐकू न आल्यासारखं करते.
किंवा खरंच येत नसेल.

श्रवणयंत्र आणलं होतं मी, अलकापुरीतून,
अठ्ठावीस हजारांचं, चवळीच्या दाण्याएवढं.
तळहातावर घेऊन तिनं ते उलटंपालटं केलं.
"कानात घालायचं यंत्र," म्हणाली,
"मला शिकवतेस?"

एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या एक्स्चेंजात होती ती.
डोक्याला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
नडियाद लागत नाही, बोला, बोलत राहा,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?

"आम्ही ऐकायचो," हे तिनं गेल्या श्रावणात सांगितलं,
गवार मोडता मोडता, भाजीला सांगावं तसं.
"ऐकायचं नसतं. पण ऐकायचो.
हरणी रोडच्या एका बाईचा नवरा आणंदजवळ गेला, ट्रकखाली.
तिच्याआधी मला कळलं.
तिच्याकडे घंटा वाजत होती, ती उचलत नव्हती,
आणि मी मनात म्हणत होते, नको उचलूस.
तिला कुठे माहीत होतं, मधे मी आहे?"

मला काही सुचलं नाही.
शिरा काढत बसले.

तेव्हापासून मी ओरडत नाही.
झेरॉक्सची मागची बाजू कोरी असते.
मी लिहिते: बीपीची गोळी?
ती लिहिते: घेतली. आणि खाली, जरा वेळानं: खरंच.
मी लिहिते: शुक्रवारी डॉक्टर.
ती: सोबत कोण?
मी: मी.
पलीकडे टॉवर, त्यातून निघणाऱ्या लाटा, पाच उद्गारचिन्हं.
त्यांची शाई इकडे उमटते, आमची तिकडे.

दर वेळी जमतं असं नाही.
लसीचं पान तिनं उलटं करूच दिलं नाही.
माघात न्यूमोनिया झाला, नऊ दिवस सयाजीत होती,
आणि नर्सच्या हातातल्या सुईकडे
ती ज्या नजरेनं बघत होती
ती नजर मला अजून पुसता आलेली नाही.

निघताना खलबत्ता उतरतो, झाकण उघडतं.
फोन कोमट, तुपाच्या वासाचा. चार मिस्ड कॉल.
ती चष्मा पुढे ओढून आकडा बघते,
तोंड वाकडं करते.
"आधी लाव त्याला," म्हणते.
"माणसाला इतका वेळ लाइनवर ठेवू नये."