खिडक्या उघड्या ठेवा

आदल्या संध्याकाळी दवंडीवाला गल्लीतून फिरायचा:
उद्या सकाळी दहाला टेकडीवर सराव.
खिडक्या उघड्या ठेवा. कोंबड्या आत घ्या.
गरोदर बायांनी समुद्राकडे पाठ करून बसावं.
(हे शेवटचं तो पदरचं घालायचा.)

माझा बाप एलादियो काचा बसवायचा.
दवंडी ऐकली की लांबी मळायला घ्यायचा,
जवसाचं तेल, खडूची भुकटी,
आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मक्याचं पीठ मळायची.
एकदा आमच्या पावात लांबी गेली.
खाल्ला आम्ही तो. सराव रोज थोडाच असतो.

तोफा दोन. परक्या देशातून जहाजाने आलेल्या.
मोंते दो फाचोच्या चढावर बैलांनी ओढल्या,
आमारोच्या घरचा तांबडा बैल अर्ध्यात बसला
तो उठलाच नाही.
त्या तोफांपायी मेलेला तो पहिला.
शत्रूचं म्हणाल, तर तो कधी आलाच नाही.
कोण शत्रू, हेही दर काही वर्षांनी बदलायचं,
तोफा तेवढ्या पश्चिमेला तोंड करून
रिकाम्या पाण्याला दम देत राहिल्या.

खिडक्या उघड्या ठेवूनही काचा फुटायच्याच.
बाप खांद्यावर चौकट घेऊन निघायचा, मी मागे खिळ्यांचा डबा घेऊन.
लोक म्हणत, एलादियोचा तोफखान्याशी करार आहे.
तो हसायचा. पैसे मात्र अर्धेच घ्यायचा.
शाळेच्या बेनिग्नो मास्तरांकडून तर काहीच नाही.
त्यांच्या चष्म्याचं उजवं भिंग तडकलं, नव्याला पैसे नव्हते,
तेव्हा बापाने खिडकीच्या काचेतून गोल कापून बसवून दिलं.
त्या डोळ्याने मास्तरांना फळा धूसर दिसायचा.
पण वारा लागत नाही, म्हणायचे, हे काय कमी आहे?

मी सात वर्षांची होते त्या उन्हाळ्यात
रात्री टेकडीवर आवाज झाले.
दवंडी नव्हती. लहान आवाज होते, ओळीने.
गावात एकही काच फुटली नाही.
बाप पहाटे टेबलाशी बसला, हात रिकामे.
आईने पीठ काढलं आणि परत डब्यात ओतलं.
शाळेत नवे मास्तर आले. त्यांची नजर चांगली होती.

पुढे खूप वर्षांनी सैन्य गेलं,
मागे गंजलेली बिजागरं, भुयारात मेंढ्यांची लेंडकं,
आणि नगरपालिकेला एक रुपयाही न देणारी टेकडी.
मग कोणाला तरी सुचलं, बाग करू.
गवत आणलं, हिरव्या कुंपणाचा चक्रव्यूह लावला,
उद्घाटनाला बँड, फुगे, महापौरांच्या बुटाला चिखल.
तोफांना राखाडी रंग दिला. शेजारी फलक:
वजन, लांबी, पल्ला.
काचांबद्दल काही नाही. बैलाबद्दलही.

माळी कास्तोर माझ्या भाचीचा नवरा.
चक्रव्यूहाची पश्चिमेची बाजू खणताना
त्याला मातीत काहीतरी चमकलं.
रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला,
म्हणाला, मावशी, चष्म्याचं दिसतंय,
साहेब म्हणाले, कोणाचंही असेल, सहलीला माणसं येतातच.

मी ते उजेडात धरलं.
त्यातून कास्तोर होता तेवढाच दिसला,
ना मोठा, ना लहान.
कडेवर बापाचा हात: डावीकडून सुरुवात,
शेवटी एक बारीकसा टवका, नेहमीचा.

साहेबांकडे दोनदा गेले. तिसऱ्यांदा कास्तोरने नेलं नाही.
आता रविवारी बाकावर बसते.
पोरं तोफेच्या तोंडात डोकं घालून
आपापली नावं ओरडतात,
तोफ ती नावं जाड करून परत देते.
साबेला म्हणून एक आहे, दात पडलेली,
ती मला विचारते, आजी, तुझं नाव ओरडू?
माझं नको, म्हणते मी.
आणि तिला दुसरं एक सांगते.